घरच्यासारखं नको, बरोबरीनं हवं

“म्हणजे शेवटी परक्याच्या घरात पोरं सांभाळायलाच चालली ना?” गेले दोन महिने विट्यात आमच्या गल्लीत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता कोण म्हणतंय हे बघायला मी मान वळवत नाही. जिच्याबद्दल हे बोललं जातं ती माझी विद्यार्थिनी. वय बावीस, बी. ए. झालेली, वडील यंत्रमागावर कामाला. वर्षभर सकाळच्या एसटीनं सांगलीला विश्रामबागेत जाऊन ती जर्मन शिकली, ए-१ ही पहिली पातळी पास झाली, आणि आता जर्मनीतल्या एका कुटुंबात ‘ओ पेअर’ म्हणून एक वर्ष राहायला जायचं म्हणते आहे. त्या घरातल्या दोन लहान मुलांना सांभाळायचं, घरातल्या हलक्या कामांना हात लावायचा आणि उरलेल्या वेळात भाषा शिकायची. बदल्यात खोली, जेवण, विमा आणि महिन्याचा हातखर्च. एवढ्यावरून गल्लीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, शिकल्यासवरल्या पोरीची मोलकरीण करताय, पै-पाहुण्यांत तोंड कसं दाखवणार? दुसरा म्हणतो, नशीब काढलं पोरीनं, महिना अठ्ठावीस हजार, राहणं-खाणं फुकट, एकदा गेली की तिकडंच सेटल. दोन्हीकडचं ऐकून मला वाईट वाटतं. करार वाचलेला माणूस दोन्ही तटांत एक नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. त्या मुलीनं जावं. पण नोकरी लागली म्हणून जाऊ नये, आणि ‘घरच्यासारखं ठेवतील’ या भरवशावर तर मुळीच जाऊ नये. ‘ओ पेअर’ हे शब्द फ्रेंच आहेत आणि त्यांचा अर्थ ‘बरोबरीनं’ असा आहे. अशी मुलगी त्या घरात ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या मुदतीपुरती, बरोबरीच्या नात्यानं राहते. ही बरोबरी खरी असते की कागदापुरती, यावर वाद घालता येतो, आणि तो घातलाच पाहिजे. आमच्याकडं मात्र वाद चाललाय इज्जतीचा आणि रुपयांचा. रोज किती तास काम, खोली कुणाची, आजारी पडली तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, पटलं नाही तर तिनं कुठं जायचं, वर्ष संपल्यावर पुढं काय, यातला एकही प्रश्न मी अजून गल्लीत ऐकलेला नाही.

अठ्ठावीस हजारवाल्यांचं आधी बघू, कारण त्यांच्या चुकीनं घर बुडू शकतं. जर्मनीत ओ पेअरला महिन्याला २८० युरो मिळतात. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला की आकडा अठ्ठावीस हजार होतो, आणि आपल्याकडं यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या बापाला तो मोठा वाटणारच. पण जर्मन लोक या रकमेला पगार म्हणत नाहीत. त्यांचा शब्द सरळ ‘खिशातला पैसा’ असा आहे. त्यातच तिचा फोन, कपडे, सुट्टीच्या दिवशीचा प्रवास. वर्गाच्या फीसाठी कुटुंबानं महिन्याला आणखी ७० युरोपर्यंत द्यायचे असतात, आजारपण-अपघाताचा विमा कुटुंबानं काढायचा असतो. विमानाचं तिकीट मात्र बहुतेक वेळा मुलीच्याच माथी. ‘तिकडंच सेटल’ हे तर बोलूच नये. या व्हिसावर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष राहता येतं, तेही आयुष्यात एकदाच. व्हिसाच्या अर्जावेळी वय अठराच्या पुढं आणि सत्ताविसाच्या आत असावं लागतं. काही जण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी केलेल्या कराराचं नाव पुढं करतात, ‘सरकारच पोरं पाठवतंय’ म्हणून. तो करार कुशल कामगारांसाठीचा आहे. त्याचा आणि ओ पेअरचा काही संबंध नाही, पण गल्लीतल्या बोलण्यात दोन्हींची एकच खिचडी झाली आहे.

या खिचडीवर कुणाचं पोट भरतं तेही सांगते. तिच्या वडिलांकडं एका एजंटानं दीड लाख रुपये मागितले. मी त्यांच्याबरोबर गेले होते. बाहेरच्या फ्लेक्सवर ‘जर्मनीत नोकरी’ असं हातभर अक्षरात लिहिलेलं. मी आत जाऊन विचारलं, परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं ना? तर तो म्हणाला, “मॅडम, ही नोकरी नाहीच, हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे.” फ्लेक्सवर नोकरी आणि पावतीवर सांस्कृतिक कार्यक्रम! खुद्द जर्मनीत ओ पेअरची जागा मिळवून देणाऱ्या संस्थेला मुलीकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. दीड लाख म्हणजे तिचा पाच महिन्यांहून जास्त काळाचा सगळा हातखर्च. सोसायटीचं कर्ज काढून गेलेली मुलगी त्या घरात कशी राहील याचा विचार करा. जास्तीचं काम सांगितलं तर नाही म्हणेल का? खोली थंडगार पडली तरी तक्रार करेल का? कर्ज घेऊन गेलेल्या माणसाची बरोबरी विमानतळावर पोचण्याआधीच संपलेली असते. त्या दिवशी आम्ही चहासुद्धा न घेता उठलो. पुढं तिनं कुटुंब स्वतः शोधलं, पत्रं स्वतः लिहिली.

आता दुसरा तट, इज्जतवाला. त्यांना मी एकच विचारते. ही मुलगी आठ वर्षांची असल्यापासून चुलत्याची दोन पोरं कडेवर घेऊन वाढवते आहे. दहावीच्या वर्षी, काकू शेतावर गेलेली असताना, एका हातात भूगोलाचं पुस्तक आणि दुसऱ्या हातानं पाळणा, असं मी तिला डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा कुणाची मान खाली गेली नाही. उलट “पोरगी गुणाची” म्हणून कौतुक झालं. मग तेच काम तासांत मोजलं गेलं, त्याला सुट्टी आली, हातखर्च आला, की ते हलकं कसं होतं? लाज कामाची वाटते, की त्या कामाला मोल आहे हे कुणीतरी कागदावर लिहून दिल्याची? मला वाटतं, यातली खरी अडचण दुसरी आहे आणि ती आपण बोलत नाही. आपल्या घरात धुणं-भांडी करणाऱ्या बाईला आपण ज्या नजरेनं बघतो, तीच नजर परदेशात आपल्या पोरीवर पडेल याची आपल्याला भीती आहे. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला. आपल्याकडं येणाऱ्या बाईची त्याखाली नोंदणी झालीय का, असं आमच्या गल्लीत किती जणांनी तिला विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. या वादानंतर विचारलं.

आणि परक्याच्या घरात राहून काम शिकणं खानापूर तालुक्याला नवीन आहे का? आमचा सगळा भाग त्यावर उभा आहे. विटा, खानापूर, आटपाडीच्या माळावर पाऊस नाही म्हणून इथली पोरं सोनं-चांदी गाळायला मुलूखभर गेली. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत देशात जिथं सराफ बाजार आहे तिथं आमचा गलाईवाला आहे. गावोगाव दिसणारे तीन-तीन मजली बंगले त्या भट्टीच्या पैशातले. माझा थोरला भाऊ १९८६ साली, पंधराव्या वर्षी, कोइमतूरला एका नातेवाइकाच्या दुकानात गेला. निघताना त्या नातेवाइकानं आमच्या आईला शब्द दिला होता, “घरच्यासारखा ठेवतो.” आणि खरोखर घरच्यासारखाच ठेवला. म्हणजे पगार नाही, कारण घरच्याला कोण पगार देतं? सुट्टी नाही, कारण घरच्याला कसली सुट्टी? रात्री दुकान बंद झालं की भट्टीच्या शेजारी फरशीवर पथारी. दिवसभर ॲसिडचा धूर छातीत. पहाटे उठून दुकान झाडायचं, मग मालकिणीचं पाणी भरायचं, तिच्या धाकट्याला शाळेत सोडायचं. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायचं. पहिल्या दोन वर्षांत घरी एक रुपया आला नाही. आई विचारायची तर उत्तर यायचं, शिकतोय अजून. दादाच्या डाव्या हाताची तीन बोटं आजही पांढरट आहेत. मूस उतरवताना भाजलेली. आज केरळात त्याचं स्वतःचं दुकान आहे, विट्यात घर आहे, आणि त्या नातेवाइकाबद्दल तो एक शब्द वाईट बोलत नाही. पण स्वतःच्या मुलाला त्यानं कुणाच्या दुकानात पाठवलं नाही.

दादाच्या गोष्टीत दोन्ही खरं आहे. त्या दोन वर्षांनी त्याला धंदा दिला, आणि त्या दोन वर्षांनी त्याला लुटलं. पंधरा वर्षांचा मुलगा हजार किलोमीटरवर परक्या घरात राहायला जातो तेव्हा तालुक्यात कुणी इज्जतीचा प्रश्न काढत नाही. बावीस वर्षांची पदवीधर मुलगी हातात करार घेऊन जाते तेव्हा मात्र निघतो. मुलगी आहे हे एकच कारण त्यामागं आहे, आणि ते तसं उघड बोलायचं धाडस तरी करावं. पण या गोष्टीतून मला काढायचा मुद्दा दुसरा आहे. दादाला ज्यानं लुटलं तो ‘परका’ नव्हता. ‘घरच्यासारखं’ हा शब्दच त्याला लुटण्याचं साधन झाला. घरच्या माणसाला तास विचारता येत नाहीत.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. तो गल्लीत कुणी मांडला नाही, म्हणून मीच मांडते. ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ हे स्वस्त मजुरीला दिलेलं गोंडस नाव आहे, असं युरोप-अमेरिकेतलेच अनेक लोक म्हणतात, आणि त्यांच्याकडं पुरावे आहेत. हिशेब करून बघा. जर्मनीत ओ पेअरचं काम आठवड्याला तीस तास, म्हणजे महिन्याला साधारण एकशे तीस. २८० युरो भागिले एकशे तीस, तासाला दोन युरोंच्या किंचित वर. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. जेवण, खोली, विमा यांची किंमत धरली तरी त्या कुटुंबाला हा सौदा स्वस्त पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तर आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत काम घेता येतं आणि आठवड्याची किमान रक्कम वर्षानुवर्षं १९५.७५ डॉलरवर अडकून राहिली. तिथल्या ओ पेअर मुलींनी मध्यस्थ कंपन्यांवर खटला भरला आणि २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. नॉर्वेनं तर मार्च २०२४ मध्ये ही योजनाच बंद केली. तिथं येणाऱ्या मुली मुख्यतः फिलिपिन्सच्या होत्या, आणि श्रीमंत घरांना स्वस्त कामवाली मिळवून देण्याचा तो रस्ता झाला आहे, असं तिथल्याच राजकारण्यांचं आणि कामगार संघटनांचं म्हणणं होतं.

याहून जुना दाखला आपल्या इतिहासात आहे. साहेबाच्या राज्यात विलायतेला परतणारी गोरी कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला हिंदी आया घेऊन जायची. बोट लागली, मुलं उतरली, की काही घरं त्या बाईला तिथंच सोडून द्यायची. परतीचं तिकीट नाही, भाषा नाही, ओळख नाही. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ चालवावं लागलं. हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर १९०० पासून ते होतं, आणि २०२२ मध्ये त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला. आपल्याकडून गेलेल्या त्या बायकांचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा “आपल्या बायका गोऱ्यांची पोरं सांभाळायला पुन्हा चालल्या” असं कुणी म्हणालं, तर त्या रागात तथ्य आहे. तो राग मला कळतो.

मग तरीही तिनं जावं असं मी का म्हणते? आयांच्या हातात काय नव्हतं ते बघा. लेखी करार नव्हता, ठरलेले तास नव्हते, घर सोडायचा हक्क नव्हता, दाद मागायला जागा नव्हती. पिळवणूक झाली ती मुलं सांभाळल्यामुळं नव्हे. कागद नसल्यामुळं झाली. पिळवणुकीवर दोन उपाय असतात. एक, जाऊ नका म्हणून दार लावायचं. दुसरा, गेलेल्याच्या हातात नियम द्यायचे. यातला कुठला चालतो हे साताऱ्याच्या माणसाला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. जावळी-पाटणच्या डोंगरातून मुंबईला गेलेली हजारो माणसं गोदीत, बाजारात डोक्यावर ओझी वाहत होती आणि रात्री गाळ्यात, पेढीच्या ओट्यावर अंग टाकत होती. आज या व्यापाऱ्याचं काम, उद्या त्या व्यापाऱ्याचं. त्यामुळं मालक कोण, हेच ठरत नव्हतं. मजुराला मालक नाही म्हणून तो कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून त्याला कायदा नाही. पाटण तालुक्याच्याच मातीतले अण्णासाहेब पाटील या माणसांना “गावाकडं परत जा” म्हणाले नाहीत. त्यांनी संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळातून, भविष्य निर्वाह निधी मंडळातून. ज्याला मालक नव्हता त्याला हक्क मिळाले.

त्याच १९६९ सालच्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रासबर्गला युरोपीय परिषदेनं ओ पेअरबद्दलचा करार केला. त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे, की ओ पेअर ही धड विद्यार्थीही नाही आणि धड कामगारही नाही. दोन्हींचे काही गुण असलेला तो एक वेगळा वर्ग आहे, आणि म्हणून त्याची वेगळी व्यवस्था केली पाहिजे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा हवा, आजारपणाची सोय हवी, हे त्यात लिहिलं गेलं. जर्मनी आजही चालतो तो स्वतःच्या नियमांनी, पण विचार तोच आहे: आठवड्याला तीस तास, दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवड्यांची रजा, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा या कामात येत नाही. माथाडी असो की ओ पेअर, नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या कामाचं काय करायचं, हाच प्रश्न एकाच वर्षी मुंबईत आणि स्ट्रासबर्गमध्ये विचारला गेला. दोन्हीकडं उत्तर सारखंच निघालं, आणि दोन्ही ठिकाणी ते अपुरं पडलं. माथाडी मंडळांत काय काय चालतं हे आपण जाणतो. म्हणून कुणी तो कायदा रद्द करा म्हणतं का? नॉर्वेनं दार लावलं तेव्हा यायला निघालेल्या मुलींच्या हातचा एक रस्ता गेला, एवढं नक्की. त्याऐवजी तास वाढवणाऱ्या घरांवर कारवाई झाली असती तर मला ते जास्त न्यायाचं वाटलं असतं.

सुरक्षिततेची काळजी मात्र मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. घर हे कामाचं सगळ्यात बिनसाक्षीचं ठिकाण आहे. कारखान्यात शेजारी दुसरा कामगार तरी असतो. पण या काळजीचं उत्तर ‘पाठवू नका’ हे नाही, ‘आधी ओळख करून घ्या’ हे आहे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेला गेल्या, याचं कौतुक आपण शाळेत शिकवतो. मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं, आणि दर वेळी त्यांच्या धैर्यावर थांबले. न्यू जर्सीत रोझेल इथं ज्या कार्पेंटरबाईंच्या घरी त्या उतरल्या, त्यांच्याशी आधी जवळजवळ तीन वर्षं पत्रव्यवहार झाला होता, हे मी कधी ठळक करून सांगितलं नाही. दारात पाऊल टाकायच्या आधी त्या घरातली माणसं त्यांना ठाऊक होती. आजच्या मुलीला तीन वर्षं थांबायला नको. चार-पाच वेळा व्हिडिओवर बोलावं, दोन्ही नवरा-बायको आणि मुलं समोर असताना. आधी त्या घरात राहून गेलेल्या ओ पेअरचा नंबर मागावा, आणि जे घर तो द्यायला टाळाटाळ करतं ते सोडून द्यावं. करारात साधारण दोन आठवड्यांच्या नोटिशीची सोय असते. पटलं नाही तर उरलेल्या मुदतीसाठी दुसरं कुटुंब शोधता येतं. ११२ हा आणीबाणीचा नंबर आणि ११६०१६ ही हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठीची जर्मनीतली हेल्पलाइन, दोन्ही पाठ असावेत. बर्लिनचा भारतीय दूतावास आणि फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या वकिलाती, यांतली आपल्याला जवळची कुठली हे निघण्याआधी वहीत लिहिलेलं असावं.

“त्यापेक्षा तिकडं एखादं आपलं मराठीच घर मिळालं तर बरं,” असं तिच्या आईला वाटत होतं. कुठल्याही आईला वाटेल. पण जर्मनीचा नियम याला आडवा येतो, आणि माझ्या मते योग्य कारणानं येतो. त्या घराची मातृभाषा जर्मन असली पाहिजे. मातृभाषा दुसरी असून घरात रोज जर्मन बोलत असतील तरी चालतं, पण मग ओ पेअर यजमानांच्याच मूळ देशाची चालत नाही. नात्यातली तर नाहीच नाही. ती भाषा शिकायला गेलीय, हे पहिलं कारण. दुसरं कारण मला कोइमतूरच्या त्या फरशीवरून ठाऊक आहे.

कुणी जाऊ नये, तेही सांगायला हवं. जिला लहान मुलांचा कंटाळा आहे तिनं जाऊ नये. जिला घरी पैसे पाठवायचे आहेत तिनं जाऊ नये, कारण उरणार नाहीत. आणि वर्षानंतरची पायरी जिनं ठरवली नाही तिनं तर थांबावंच. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. तिथली पोरं खडी फोडत होती, शेतात राबत होती, स्वतःचं जेवण रांधत होती. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले. त्या कष्टांना कुणी मजुरी म्हटलं नाही, कारण दिवसाच्या शेवटी पोराच्या पदरात पाटी होती. माझ्या दादाच्या पदरात पहिली दोन वर्षं काय होतं? ओ पेअरच्या वर्षाला हीच कसोटी लावा. त्या वर्षात ती ए-१ वरून बी-१, बी-२ पर्यंत गेली, तर पुढं स्वयंसेवेचं वर्ष करता येतं, किंवा परिचारिकेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेता येतं, ज्यात शिकतानाच महिन्याला हजार युरोंच्या वर विद्यावेतन मिळतं. केरळातल्या मुली १९६० च्या दशकात चर्चच्या ओळखीनं जर्मनीत परिचारिका म्हणून गेल्या तेव्हा त्यांच्याही गावात बोलणारे होतेच की. पण भाषेचा वर्ग बुडवून ती वर्षभर फक्त पोरंच सांभाळत बसली, तर ती फसली, मग ते घर कितीही प्रेमळ असो. म्हणून करारातल्या तासांपेक्षाही मी तिला वर्गाचं वेळापत्रक आधी मागायला सांगितलं. आठवड्यातून किती दिवस, घरापासून किती लांब, आणि वर्ग असताना मुलांना कोण बघणार.

गेल्या रविवारी तिच्या घरी करार वाचायला बसलो होतो. जर्मन आणि इंग्रजी, दोन रकान्यांत. नियमात लिहिलंय, ओ पेअरची खोली किमान आठ चौरस मीटरची हवी. तिनं विचारलं, “बाई, म्हणजे केवढी?” मी हिशेब केला, साधारण नऊ फूट बाय साडेनऊ. मग आम्ही टेप घेऊन अंगणात उतरलो आणि खडूनं चौकोन आखला. एका कोपऱ्यात पलंग काढला, भिंतीला टेबल, एक दार, एक खिडकी. ती चौकोनाच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली. जन्मल्यापासून ती आजीच्या अंथरुणाशेजारी झोपते. कडी लावता येईल असं दार तिच्या वाट्याला कधी आलेलं नाही. धाकटा भाऊ पळत येऊन चौकोनात शिरला तर म्हणाली, “विचारून ये.”

रात्री तिनं त्या कुटुंबाला पाठवायचे प्रश्न जर्मनमधून लिहून काढले. आधीच्या ओ पेअरचा नंबर. वर्गाचे दिवस. मुलं आजारी असताना तासांचं काय. खोलीला आतून कडी आहे का. आजी तोवर भिंतीला टेकून लसूण सोलत होती, एक शब्द बोलली नव्हती. लिहून झालं तसं तिनं विचारलं, “झालं का सगळं?” आणि मग, “त्यांच्याबरुबर जेवणार का मागनं, ते इचारलं का?” आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तो प्रश्न यादीत नव्हता. मुलीनं शब्दकोश ओढला, दोनदा खोडलं, आणि तो सगळ्यांत वर लिहिला. पत्र सोमवारी गेलं. उत्तर अजून यायचं आहे.